मैदानावर पोरांना सूचना देताना

बघ भावा, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेली पोरं तुझ्याकडे शिकायला येतात. खेळाचं वेड त्यांना लावावं लागत नाही. आपल्या बोलण्यानं त्यांचे पाय अडखळू नयेत, एवढं जपायचं.

परवा तू एकाला सांगत होतास, ‘घोटा आवळ, गुडघा चेंडूच्या वर, अंग पुढं.’ चुकीचं काहीच नव्हतं, पण पोरगं चेंडू सोडून स्वतःचा गुडघाच बघत बसलं. त्यापेक्षा ‘डाव्या खांबाच्या बुडाशी चेंडू घाल’ म्हण. पाय आपोआप जुळवून घेतो. हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं. स्की सिम्युलेटरवर, म्हणजे बर्फावरच्या स्कीइंगसारखी हालचाल करायच्या यंत्रावर, काहींना पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. हालचाल तीच, फरक फक्त सूचनेचा!

आणखी एक. सांगितलेला नियम पोरं फार घट्ट धरतात. ‘बॅकनं (बचाव करणाऱ्यानं) चेंडू लांबच मारायचा’ असं ठसवलंस, की समोर कुणी नसलं तरी तो लांबच मारणार. परिस्थिती बदलली तरी सूचना मिळालेली माणसं जुनंच करत राहतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलंय. म्हणून नियमासोबत ‘केव्हा’ तेही सांग, नाहीतर तीन विरुद्ध तीन खेळवून त्यांनाच शोधू दे.

गोलपोस्टच्या बारला लोंबकळायचं नाही, हे मात्र थेट बजावायचं. तिथं शोधाबिधाची भानगड नको.

आणि मॅच चालू असताना लाईनवरनं ओरडणं उद्यापासून बंद कर.