बाळाचा पाय जन्मतः आत वळलेला आहे, मालिश करून सरळ होईल की प्लास्टरच घालावं लागेल?

ताई, तुम्ही निपाणीहून लिहिलंय की बाळ दहा दिवसांचं आहे, उजवं पाऊल आत वळलंय, टाच वर ओढलीय, डॉक्टर प्लास्टर म्हणतात आणि सासूबाई म्हणतात तेल लावून चोळलं की महिनाभरात होतंय सरळ. आमच्याकडे पण हेच चाललेलं. आम्ही खानापूर साइडचे, माझ्या मुलीचे दोन्ही पाय असेच होते, आता शाळेत जाते ती, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे सगळे वाकडे पाय सारखे नसतात. पोटात अडचणीत पडून नुसता वळलेला पाय असतो, तो हलक्या हाताने धरला की लगेच सरळ येतो आणि बहुतेक वेळा आपोआप सुधारतो. शेजारणीचं बाळ मालिशने बरं झालं म्हणतात ना, ते हे. क्लबफूट वेगळा. तो कडक असतो, टाचेमागची शीर (रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) आखूड असते, तळव्याला आतून घडी पडते, पोटरी पण जरा बारीक दिसते, आणि तो कितीही चोळा सरळ होत नाही, उलट जोर लावून ओढाओढ केली तर कोवळ्या हाडांना इजा व्हायची. तुमचा कुठला ते हाडांचा डॉक्टर हात लावून सांगेल, फोटो बघून मी नाही सांगू शकत.

आणि ग्रहणात विळीला हात लावला होतीस का असं विचारणारे येणार, त्यांना चहा द्या आणि सोडून द्या. जगात साधारण हजार बाळांमागे एकाला हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांना दुप्पट, आणि बहुतेकदा नक्की कारण सापडतच नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, एवढंच.

प्लास्टरची जी पद्धत आहे तिला पोन्सेटी म्हणतात. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी मूळचे स्पेनचे, अमेरिकेत आयोवाला होते, 1950 च्या आसपास त्यांनी ही बसवली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं मोठं ऑपरेशन करायचे, पाय दिसायला सरळ व्हायचा पण मोठेपणी कडक आणि दुखरा. आता दर आठवड्याला पाय थोडा थोडा बाहेर वळवून नवीन प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा लागतात. ते मांडीपर्यंत असतं, गुडघा वाकवून. घोट्यापुरतं का नाही म्हणून आमचे हे भांडायलेले तिथं, पण आखूड असलं की बाळ लाथा मारून काढून टाकतंय आणि पाय परत फिरतो. शेवटी टाच खाली येत नसेल तर मागची शीर बारीक छेद देऊन सोडवतात. बऱ्याच बाळांना हे लागतं, तान्ह्या बाळाला बहुतेक ठिकाणी तेवढी जागा बधिर करूनच करतात, मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात शीर भरून येते. ऐकून पोटात गोळा येतो, पण हे सगळ्यात सोपं काम आहे खरंच.

घरी बोटं बघत राहा. दाबल्यावर पांढरी होऊन लगेच गुलाबी झाली पाहिजेत. निळी पडली, सुजली किंवा प्लास्टर सरकून बोटं आत गेली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

खरी परीक्षा बुटांची. प्लास्टर निघालं की मधे आडव्या पट्टीने जोडलेले दोन बूट देतात, एकच पाय वाकडा असला तरी दोन्ही पायात. पहिले तीन महिने 23 तास, म्हणजे फक्त आंघोळीपुरते काढायचे, नंतर चार वर्षांची होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पहिल्या काही रात्री बाळ रडतंय, घरातले म्हणतात काढ की गं, किती छळायचं लेकराला, पाय तर सरळ झालाय आता. इथेच बहुतेकांचं बिघडतं, बूट सुटले की पाय परत वळतो आणि परत प्लास्टरपासून सुरुवात. टाच वर सरकून फोड आले तर बूट सैल बसलाय समजा, डॉक्टरला दाखवा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही पाय एकदम हलवायचे कळलं की बाळ मजेत खेळतं.

चालेल, पळेल, नीट केलं तर सगळं करेल. पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित लहान आणि पोटरी बारीक राहू शकते, चप्पल घेताना तेवढं जाणवेल.

खर्चाचं म्हणाल तर 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे, आशाताईला सांगा किंवा बेळगावात बिम्सला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, सरळ हाडांच्या विभागात जा. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं हे खरं, पण आपलं रेशनकार्ड कर्नाटकचं, तिथं काय फुकट आणि काय विकत ते आधी विचारून घ्या. बूट मिळणार की बाहेरून आणायचे हे पण पहिल्याच भेटीत विचारा. आणि जाताना बाळाला अगदी पोटभर पाजून नेऊ नका, थोडं भुकेलं असलं की प्लास्टर घालताना दूध पाजता येतं आणि ते शांत राहतं.