मन सारखं पुढे धावतं; धीर कसा धरावा, आजच्या क्षणात कसं राहावं?

मला हे रावेरकडच्या आमच्या केळीच्या बागेत उमगलं. जूनमध्ये मृगबाग (मृग नक्षत्राच्या सुमाराची लागवड) लावली की केळ निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, ७-८ महिने, आणि त्यानंतर घड कापणीला यायला आणखी ३-४. भाव काय मिळेल, उन्हाळी वादळात बाग आडवी होईल का, हे रात्रभर घोकलं तरी झाड एक पानही लवकर काढत नाही. वडील त्याच दिवसांत शांतपणे पिलं, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे जादा कोंब, कापत असायचे. आता मीही तेच करतो: फोन घरी, हातात विळा. मन भावाकडे पळतंच. लक्षात आलं की त्याला हातातल्या पिलाकडे परत आणायचं, स्वतःवर न चिडता. दिवसातून पन्नासदा आणावं लागलं तरी चालेल, सराव तोच आहे.

शेत नसेल तर भरीत करा, खरंच. आमच्याकडे वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात, तुमच्याकडे गॅस असेल. आच वाढवली की साल करपते आणि गर कच्चा राहतो. तेवढा वेळ फक्त वांगं फिरवा, वास घ्या, देठाजवळ दाबून बघा. मऊ लागलं की उतरवा.