लिलावातलं नहपानाचं नाणं

प्रश्न : लिलावाच्या कॅटलॉगमध्ये गौतमीपुत्र सातकर्णीने ठसा मारलेलं नहपानाचं चांदीचं नाणं आहे. अस्सल कसं ओळखावं? परदेशातल्या मुलाला पाठवता येईल का?

उत्तर : शक राजा नहपानाला हरवून सातवाहन राजा सातकर्णीने त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. अशी हजारो नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली. भिंगातून पाहा: सातकर्णीची तीन कमानींची टेकडी आणि उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळं असलेली फुली) यांच्याखालून नहपानाच्या नाकाची, केसांची रेषा डोकावायला हवी. वजन साधारण दोन ग्रॅम. काठावर जोडाची रेघ, अक्षरं बोथट आणि बारीक गोल खड्डे असतील तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली. खड्डे हवेच्या बुडबुड्यांचे असतात. हुबेहूब तेच दोष दुसऱ्या नाण्यावर दिसले, तर बोली लावूच नका. घेतल्यावर कृपा करून चिंचेने घासू नका, ठसा झिजतो. परदेशी मात्र पाठवता येणार नाही. शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्याने खासगी निर्यात बंद आहे.