वाचकांचे प्रश्न : समजूतदार मुलीचं पोट का दुखतं?

प्रश्न : माझे पती दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. या काळात ११ वर्षांची मुलगी एकदम समजूतदार झाली. हट्ट नाही की तक्रार नाही. बाबांच्या गोळ्या काढून देते, ते पाणी किती पितात यावरही लक्ष ठेवते. पण हल्ली तिचं पोट वारंवार दुखतं, शाळा बुडते. तपासण्यांत काही निघालं नाही. ६ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागलाय. मुलांना आजाराबद्दल किती सांगावं?

उत्तर : मुलाचा त्रास उघड दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जाईलच. आम्हाला जास्त काळजी मुलीची वाटते. घरात दीर्घ आजारपण असलं की एखादं मूल आपल्या गरजा आवरतं. मोठ्यांना त्याचं कौतुक वाटतं, आणि एकदा कौतुक झालं की ‘मला त्रास होतोय’ म्हणणं त्या मुलाला अवघड होऊन बसतं. मग ताण पोटदुखीतून बाहेर येतो. हे दुखणं खरं असतं, त्याला नाटक म्हणू नका.

आधी गोळ्यांचं आणि पाण्याचं काम तिच्याकडून काढून घ्या. पाणी जास्त झालं तर बाबांना सूज येते, धाप लागते, हे तिला ठाऊक आहे. उद्या तसं झालं तर ती स्वतःला दोष देईल. ‘तू नीट सांभाळलंस, पण हे मोठ्यांचं काम आहे, आता आम्ही बघू,’ असं सांगा, आणि हे बाबांनीच सांगितलं तर उत्तम. कपड्यांच्या घड्या घालणं, झाडांना पाणी देणं अशी कामं तिच्याकडे राहू द्या. ती चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

दोन आठवडे पोटदुखीची नोंद ठेवा : वार, वेळ, त्या दिवशी डायलिसिस होतं का. बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सुमारे चार तास चालतं आणि त्यानंतर माणूस गळून जातो. दुखणं त्याच दिवसांना येत असेल तर कारण बरंचसं कळेल. मात्र वजन घटणं, ताप, उलट्या, शौचातून रक्त किंवा दुखण्यानं रात्री जाग येणं यांपैकी काही असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या. मुलाचीही लघवी तपासून घ्या. तोवर त्याला रागावू नका.

आता सांगण्याचं. धाकट्याच्या वयाच्या मुलांना बऱ्याचदा वाटतं की आपल्याच वागण्यामुळे बाबा आजारी पडले. म्हणून धाकट्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा : हे तुझ्यामुळे झालं नाही, बाबांजवळ झोपल्यानं हे लागत नाही, आणि मी दवाखान्यात असेन तेव्हा तुझ्याजवळ अमुक माणूस असेल. तिथे खरंखुरं नाव घ्या. बाबांच्या हातावरच्या फिस्टुलाची (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेनं केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) फुगलेली शीर पाहून मुलं घाबरतात. ती कशासाठी आहे ते बाबांनीच दाखवावं, दाबायची नाही हेही सांगावं.

मुलगी ‘मलाही हे होईल का?’ विचारेल. किडनीचे काही आजार आनुवंशिक असतात, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि मगच उत्तर द्या. ‘बाबा मरणार का?’ या प्रश्नाला ‘छे, काहीतरीच!’ म्हणून उडवू नका. ‘आजार गंभीर आहे. आज बाबांची तब्येत स्थिर आहे. काही बदललं तर मी तुला सांगेन,’ एवढं म्हणा. आणि खरोखर बदललं तर त्याच दिवशी सांगा. मुलांना दाराआडून कळलं की पुढच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास राहत नाही.

वर्गशिक्षकांना कल्पना द्या, पण वर्गासमोर विषय काढू नका अशी विनंतीही करा. रोज १५-२० मिनिटं एकट्या मुलीसाठी ठेवा. त्या वेळात आजाराचा विषय नको, तिला हवं ते करा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ ती उदास राहिली, झोप-भूक बिघडली किंवा शाळेत जायलाच तयार नसेल, तर बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी न्या.