ब्राझीलमधल्या पारिंटिन्सला पहिल्यांदाच जाताय, तर...

जूनअखेरच्या उत्सवालाच जायचं म्हणताय ना? मग आधी ऐका: मानाउस या मोठ्या शहराहून तिथे रस्ता नाही. गाव ॲमेझॉनमधल्या तुपिनाम्बाराना बेटावर, त्यामुळे विमान नाहीतर लाँच. मी लाँच सुचवेन. हॅमॉक स्वतःचा न्या, बांधायला दोऱ्याही. लवकर चढा आणि इंजिन अन् संडासापासून लांबची जागा पकडा. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला नेमका तोच कोपरा येतो. येताना प्रवाहाविरुद्ध यायचंय, तेव्हा परतीला वेळ जास्त धरा.

वस्ती लाखाच्या आसपास, पण अख्खं गाव उत्सवात नाचणाऱ्या दोन सोंगाच्या बैलांत वाटलेलं: कपाळावर लाल बदाम असलेला गारांचिदो आणि निळ्या चांदणीचा काप्रिशोझो. कोका-कोलासुद्धा इथे निळ्या रंगात जाहिरात करते, आता बोला! बुम्बोद्रोमो या स्टेडियममध्ये तीन रात्री दोघांची चढाओढ चालते. ज्या बाजूला बसाल त्याच रंगाचे कपडे घाला. समोरच्यांचा बैल नाचत असताना हुर्यो तर सोडाच, टाळीही नको. तुमच्याच बाजूचे गुण कापले जातील.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्या. दाखला नसेल, तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते.