लॉगमधल्या मजकुराला हुकूम करू देऊ नको

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ठरावीक ओळ आली की त्या नोंदी वाचणाऱ्या लॉगस्टॅशनंच परस्पर कमांड चालवावी, म्हणजे लाइट गेल्यावर मध्यरात्री तुला गावातून रेंज शोधत धावावं लागणार नाही, हे तुझं म्हणणं पटलं. पण तू पाठवलेल्या एका ओळीवर मी अडलो. एक्झेक आउटपुटमध्ये, म्हणजे लॉगस्टॅशच्या कमांड चालवणाऱ्या भागात, स्क्रिप्टच्या नावापुढे तू लॉगमधलं युजरनेम जसंच्या तसं जोडलं आहेस.

ते युजरनेम कोण लिहितं? लॉगिन करून पाहणारा कोणीही परका. त्यानं नावाच्या जागी सेमिकोलन देऊन पुढे स्वतःची कमांड लिहिली, तर शेल, म्हणजे कमांडची ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम, तीही इमानदारीनं चालवतं. अवतरणचिन्हांत गुंडाळून भागत नाही. नावातच एक अवतरणचिन्ह घातलं की तो कुंपणाबाहेर. फेलटूबॅन तर लॉग वाचून हल्लेखोरांना अडवणारंच साधन. २०२१ मध्ये त्यात सापडलेला दोष आठव: आयपी पत्ता कुणाच्या नावावर आहे ते सांगणाऱ्या हूइजकडून आलेलं उत्तर मेलच्या कमांडला दिलं जायचं, आणि त्यात योग्य जागी टिल्ड व उद्गारचिन्ह आलं की पुढचा मजकूर कमांड म्हणून चालू शकत होता. त्याच वर्षीच्या लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीच्या प्रकरणात तर नुसती ओळ लॉगमध्ये नोंदवणंच महागात पडलं.

म्हणून कमांड तुझी, ठरलेली, न बदलणारी असू दे. लॉगमधला मजकूर कमांडच्या ओळीत न जोडता तिला स्टँडर्ड इनपुटवरून, नुसता वाचायला दे. आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या साधनाचं ओएमप्रॉग मॉड्यूल तसंच करतं, प्रोग्राम चालू ठेवतं आणि त्याला ओळी वाचायला देतं. पायथॉनमधून चालवणार असशील तर कमांडला द्यायच्या गोष्टी (आर्ग्युमेंट) वेगवेगळ्या करून यादीत दे, मध्ये शेल नको. मजकुरात आयपी पत्ता असेल तर आधी तो खरोखर आयपी आहे का ते तपासून घे. सर्व्हिसचं नाव असेल तर ते तुझ्या यादीत असलं पाहिजे, नाहीतर काहीच करायचं नाही.

आता माझी चूक सांगतो. कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या वजनकाट्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. डेटाबेस जोडला जात नाही अशी ओळ दिसली की काट्याची सर्व्हिस रीस्टार्ट, असं मी लावून ठेवलं. एका रात्री लाइट जाऊन आली. डेटाबेस उठायला वेळ लागत होता. सर्व्हिस सुरू व्हायची, तीच ओळ लिहायची, आणि माझी कमांड तिला पुन्हा पाडायची. डेटाबेस उठल्यावरही जुन्या ओळी रांगेत होत्याच. त्या एकेक करून रीस्टार्ट घडवत राहिल्या. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, थंडीत कापसावर ताडपत्री ओढून बसलेले शेतकरी. एक आजोबा मला फक्त एवढंच म्हणाले, "बाबू, काटा कवा चालू होते?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी एका ओळीवर काही करत नाही. पाच मिनिटांत किती ओळी आल्या ते मोजतो, एकदा कमांड चालली की अर्धा तास पुन्हा नाही, आणि दोनदा करूनही जमलं नाही तर माणसाला फोन. एक्झेकला स्वतःची वेळमर्यादा नाही, कमांड अडकली की अख्खी पाइपलाइन अडकते, तेव्हा कमांडच्या आधी टाइमआउट लाव. रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनं, चालवू नको. वेगळा युजर कर, वरचे अधिकार तेवढ्यापुरते देणाऱ्या सुडोमध्ये त्याला ती एकच कमांड दे.

पहिला आठवडा कमांड चालवूच नको. काय चालवलं असतं तेवढं फाइलमध्ये लिहू दे, आणि ती फाइल मला पाठव. सेमिकोलन, बॅकटिक, अवतरणचिन्हं घातलेली आठ-दहा नावंही मुद्दाम लॉगिनला टाकून बघ.

तुझा,
काका