ओल्ड-फॅशन्डमध्ये जोर कुठे?

तुम्ही विचारलंय, ‘ओल्ड-फॅशन्ड, गुड-लुकिंग असल्या इंग्रजी जोडविशेषणांत सिलॅबल (म्हणजे उच्चाराचे तुकडे) कसे पाडायचे आणि जोर कुठे द्यायचा?’ जोराचं आधी सांगतो, कारण याच शब्दापायी माझा पहिला नंबर गेला.

अकरावीत होतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेला, पाचवीपासून इंग्रजी. पणजीतल्या वक्तृत्व स्पर्धेत आजीवर बोलताना ‘माय ग्रँडमदर इज ओल्ड-फॅशन्ड’ म्हटलं आणि ‘फॅ’वर जोर दिला. आमचे सर तसंच म्हणायचे, त्यांचा कान रेडिओवर तयार झालेला. निकाल सांगताना परीक्षक माइकवरून म्हणाले, जोर ‘ओल्ड’वर हवा, मराठी शाळेतल्या मुलांना हे कळत नाही. वडील मागच्या रांगेत बसले होते. वाळपईपर्यंत बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत.

पुढे बी.ए.ला ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ डॅनियल जोन्स यांच्या इंग्रजी उच्चारकोशाची नवी आवृत्ती हाती लागली. (हा कोश १९१७ पासूनचा.) पहिला तोच शब्द काढला. ‘ओल्ड’आधी खालची रेघ, म्हणजे दुय्यम जोर, ‘फॅ’आधी वरची रेघ, म्हणजे मुख्य. सर बरोबर होते! परीक्षकांचा जोर लागतो तो पुढे नाम आलं की: ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड हॅट’ म्हणताना तो मागे सरकून ‘ओल्ड’वर येतो. ‘थर्टीन’ एकटं असताना ‘टीन’वर आणि ‘थर्टीन बॉइज’मध्ये ‘थर’वर जोर पडतो, तसंच. गुड-लुकिंग, बॅड-टेम्पर्ड, सेकंड-हँड सगळे याच वाटेने जातात.

म्हापशाच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला माझा मावसभाऊ दर चवथीला (गणेशचतुर्थीला) हाच वाद उकरतो. ‘होमसिक, सीसिक, एअरटाइट बघ, जोर पहिल्यावरच!’ ते शब्द त्याने बरोबर सांगितले, पण त्यांत पहिला तुकडा नाम आहे. विशेषण अधिक ‘-एड’ किंवा ‘-इंग’ची गोष्ट वेगळी. त्याचा कायदा सगळीकडे लावणाऱ्याने कोश उघडलेलाच नाही, असं मी तोंडावर सांगतो.

सिलॅबल सोपे आहेत. शेवटचा ‘-एड’ सहसा ट किंवा ड नंतर आला तरच वेगळा मोजायचा: शॉर्ट-साय-टिड तीन, लेफ्ट-हॅन्-डिड तीन. ‘फॅशन्ड’मध्ये तो वेगळा होत नाही, म्हणून ‘फॅशनेड’ म्हणू नका.

आणि हो, नाम पहिलं असलं तरी ‘ड्यूटी-फ्री’मध्ये मुख्य जोर ‘फ्री’वर येतो. मावसभावाला हाच शब्द विचारा.